समुपदेशकांचे पर्यवेक्षक: निवड, प्रशिक्षण आणि मूल्यमापन

आपल्याकडच्या बहुतेक समुपदेशन केंद्रांत पर्यवेक्षक नेमला जात नाही, तो होऊन जातो. सहा-सात वर्षे काम केलेल्या समुपदेशकाकडे दोन नवे सहकारी सोपवले जातात, 'यांचे काम जरा बघत जा' एवढीच सूचना मिळते, आणि पुढच्या आठवड्यापासून सगळे त्या व्यक्तीला सुपरवायझर म्हणू लागतात. उत्तम गाणारा प्रत्येक जण उत्तम शिकवतोच असे नाही, हे गाण्याच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. समुपदेशनात मात्र क्लायंटसमोर नीट बसता आले की दुसऱ्याला बसायला शिकवताही येईल, असे गृहीत धरले जाते. हा लेख अशा पर्यवेक्षकांना तयार करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर प्रथमच आली आहे त्या केंद्रप्रमुखांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी आहे. स्वतः नव्याने पर्यवेक्षक झालेल्यांनाही तो उपयोगी पडावा.

सुरुवातीला कायद्याची स्थिती ध्यानात घ्यावी. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. परंतु पर्यवेक्षकासाठी वेगळा परवाना आपल्याकडे नाही. अमेरिकेत पर्यवेक्षकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आहे आणि तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये पर्यवेक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली आहेत. ब्रिटनमधील समुपदेशकांची प्रमुख संघटना आपल्या मान्यताप्राप्त सदस्यांना महिन्याला किमान दीड तास पर्यवेक्षण घेण्याचे बंधन घालते. आपल्याकडे बाहेरची अशी चौकट नसल्यामुळे पर्यवेक्षक कोणाला म्हणायचे आणि तो नीट काम करतो की नाही हे कसे ठरवायचे, हे दोन्ही निर्णय केंद्रालाच घ्यावे लागतात.

निवड: ज्येष्ठता पुरेशी नाही

उमेदवाराला दोन गोष्टी मागाव्यात. पहिली म्हणजे, क्लायंटची लेखी संमती घेऊन केलेले त्याच्या स्वतःच्या अलीकडच्या सत्राचे ध्वनिमुद्रण. जो स्वतःचे काम दुसऱ्याला ऐकवायला कचरतो, तो उद्या शिकाऊ सहकाऱ्याकडून त्याचे ध्वनिमुद्रण कोणत्या तोंडाने मागणार? दुसरी गोष्ट म्हणजे फसलेल्या केसचा वृत्तान्त. त्यात अपयशाचे कारण काय होते यापेक्षा, ते सांगताना उमेदवार क्लायंटला दोष देतो, परिस्थितीला देतो की आपल्या कोणत्या चुकीकडे कुतूहलाने पाहतो, हे ऐकावे. पदव्या आणि वर्षे त्यानंतर पाहावीत. तीन वर्षांचा अनुभव आणि उघडे मन असलेला उमेदवार, वीस वर्षे एकाच पद्धतीने काम केलेल्या उमेदवारापेक्षा मी पुढे ठेवीन. हे मत सगळ्यांना पटत नाही, याची मला कल्पना आहे.

प्रशिक्षण: काय शिकवावे

सलग दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत सोयीची असली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण पर्यवेक्षणातील अडचणी प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावरच दिसतात. तीस ते चाळीस तासांचे प्रशिक्षण चार महिन्यांत विभागावे, दुसऱ्या महिन्यापासून प्रशिक्षणार्थीकडे एक शिकाऊ समुपदेशक सोपवावा आणि उरलेले तास त्या प्रत्यक्ष कामावरच खर्च करावेत.

पहिल्या महिन्यात पर्यवेक्षणाची कामे कोणती हे स्पष्ट करावे. ब्रिटनमधील ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली विभागणी अजूनही सर्वांत सुटसुटीत आहे: दर्जा राखणे, कौशल्य वाढवणे आणि समुपदेशकाला आधार देणे. आपल्याकडे तिसरे काम प्रेमळपणे केले जाते, दुसरे उपदेशाच्या रूपाने होते आणि पहिले बहुधा तक्रार आल्यावरच आठवते. प्रशिक्षणार्थीला त्याने आजवर स्वतः घेतलेल्या पर्यवेक्षणातील चार बैठका आठवायला सांगून त्यांतला किती वेळ कोणत्या कामाला गेला याचा अंदाज लिहायला लावावा. ही विभागणी त्यानंतर वेगळी समजावावी लागत नाही.

यानंतर भूमिकांचा सराव घ्यावा. जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रारूपात पर्यवेक्षकाच्या तीन भूमिका आहेत, शिक्षकाची, समुपदेशकाची आणि सल्लागाराची. आणि त्याचे लक्ष तीन ठिकाणी असू शकते: समुपदेशकाने सत्रात काय केले, केस कशी समजून घेतली आणि त्या वेळी त्याच्या स्वतःच्या मनात काय चालले होते. समजा, शिकाऊ समुपदेशक सांगतो की क्लायंट रडू लागली आणि त्याने घाईघाईने विषय बदलला. 'रडणे थांबेपर्यंत शांत कसे बसायचे, ते करून पाहू' हे शिक्षकाचे बोलणे झाले. 'ती रडू लागली तेव्हा तुम्हाला काय वाटले?' हा समुपदेशकाच्या भूमिकेतला प्रश्न झाला. 'त्या क्षणी आणखी कोणते मार्ग होते असे तुम्हाला दिसते?' असे सल्लागार विचारतो. एकाच पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाला प्रत्येक प्रशिक्षणार्थीने तिन्ही भूमिकांतून प्रतिसाद द्यावा. बहुतेकांची एक भूमिका अंगवळणी पडलेली असते, दुसरी जमते आणि तिसरी घेताना जीभ अडखळते. जिथे जीभ अडखळते, तिथे पुढचे काही आठवडे सराव करावा. समुपदेशकाची भूमिका घेताना एक मर्यादा पाळणे भाग आहे: सहकाऱ्याच्या मनात काय घडले हे विचारायचे ते त्या केसपुरतेच. त्याच्या बालपणात शिरून त्याच्यावरच उपचार सुरू करणे म्हणजे मर्यादेचे उल्लंघन होय. तशी गरज दिसल्यास त्याला बाहेरचा समुपदेशक सुचवावा.

शिकणाऱ्याची पातळी ओळखणे हा पुढचा विषय. स्टोल्टेनबर्ग यांच्या विकासप्रारूपाचा गाभा असा की नवख्याला रचना आणि थेट सूचना हव्या असतात, मधल्या टप्प्यावरचा समुपदेशक स्वातंत्र्य आणि अवलंबन यांत हेलकावे खातो, आणि अनुभवी सहकाऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलावे लागते. नवा पर्यवेक्षक सगळ्यांशी एकाच सुरात बोलतो, ही चूक इतक्या वेळा आढळते की तिच्यासाठी एक अख्खी बैठक राखून ठेवावी.

समांतर प्रक्रियेला मात्र मी जास्त वेळ देतो. हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये हे निरीक्षण मांडले होते: क्लायंट आणि समुपदेशक यांच्यात जे घडते, त्याचीच छाया समुपदेशक आणि पर्यवेक्षक यांच्यात पडू शकते. ज्या क्लायंटपुढे समुपदेशक हतबल होतो, तिच्याबद्दल सांगताना तो पर्यवेक्षकासमोरही तसाच हतबल बसतो, आणि पर्यवेक्षक नकळत त्याला तेच तयार उपाय देऊ लागतो जे समुपदेशकाने क्लायंटला दिले आणि जे तिने नाकारले. हे ध्यानात आल्यावर उपाय देणे थांबवून 'आपल्या दोघांत आत्ता काय चालले आहे?' असे विचारता येते. परंतु प्रत्येक शांततेत समांतर प्रक्रिया शोधण्याचा छंदही लागू शकतो. कधी कधी सहकारी केवळ दमलेला असतो.

करार: पहिल्या बैठकीतच लेखी

पर्यवेक्षकाला शिकवायचे पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे करार लिहिणे. एक-दोन पानांच्या त्या कागदावर बैठकांचे दिवस व अवधी, ध्वनिमुद्रण कसे जपायचे आणि केव्हा पुसायचे, रात्री-अपरात्री संकट आल्यास कोणाला फोन करायचा, पर्यवेक्षणात बोललेले काय केंद्रप्रमुखांपर्यंत जाईल आणि काय जाणार नाही, आणि समुपदेशकाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर होईल, हे सर्व असावे. सहा महिन्यांनी मूल्यमापनाच्या वेळी प्रथमच निकष कळणे हा समुपदेशकावर अन्याय आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी पर्यवेक्षकाला तोंडपाठ हव्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते आणि दुसऱ्याला इजा होण्याचा किंवा जिवाला धोका असण्याचा प्रसंग यांसारखे अपवादही सांगते. मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ माहिती कळवणे सर्वांवरच बंधनकारक करते, आणि न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. 'आईवडिलांनी कोणाला सांगू नका म्हटले आहे' असे शिकाऊ समुपदेशक सांगतो, तेव्हा पर्यवेक्षकाने गोंधळून चालत नाही. प्रशिक्षणात असा एक प्रसंग नाट्यरूपाने जरूर करून घ्यावा आणि प्रशिक्षणार्थीला कृतीचा क्रम पाहून नव्हे, आठवून सांगायला लावावा.

प्रत्यक्ष काम आणि न सांगितलेल्या गोष्टी

एका बैठकीचा साधा आराखडा असा: समुपदेशक आपला प्रश्न एका वाक्यात मांडतो, त्या प्रश्नाशी संबंधित दहाएक मिनिटांचे ध्वनिमुद्रण दोघे मिळून ऐकतात, मध्ये थांबवून त्या क्षणी काय वाटत होते हे समुपदेशक सांगतो, मग एखादी कृती तिथेच करून पाहतात आणि पुढच्या सत्रात काय करायचे हे ठरते. ध्वनिमुद्रण थांबवत आठवण जागवण्याची ही पद्धत नॉर्मन केगन यांनी १९६० च्या दशकात मिशिगनमध्ये विकसित केली. थांबवण्याचा अधिकार शिकणाऱ्याकडे असावा, ही तिच्यातली बारीक पण मोलाची गोष्ट आहे. पर्यवेक्षकाच्या हाती ते बटण गेले की ध्वनिमुद्रणाची चौकशी होते.

ध्वनिमुद्रणाचा आग्रह का, याचे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. निकोलस लाडनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जवळजवळ सर्वच शिकाऊ समुपदेशकांनी आपल्या पर्यवेक्षकापासून काही ना काही लपवल्याचे सांगितले होते. पर्यवेक्षकाबद्दलची नाराजी आणि स्वतःच्या चुका यांचा त्यात मोठा वाटा होता. हा अभ्यास अमेरिकेतला आहे. आपल्याकडे त्यात 'हो मॅडम', 'बरोबर आहे सर' यांची भर पडते. वयाने मोठ्या व्यक्तीचे म्हणणे खोडणे हा उद्धटपणा मानणाऱ्या घरांत वाढलेला समुपदेशक मान डोलावतो आणि बाहेर जाऊन आपल्याला वाटेल तेच करतो. म्हणून नव्या पर्यवेक्षकाला 'समजले का?' हा प्रश्न वर्ज्य करायला शिकवावे, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. त्याऐवजी 'मी सुचवलेल्यातले तुमच्या क्लायंटला काय लागू पडणार नाही?' असे विचारावे आणि पहिल्या दोन-तीन बैठकांत पर्यवेक्षकाने स्वतःची एखादी खरी चूक सांगावी. चूक खरी असावी. शेवटी कौतुकात संपणारी चूक श्रोत्याला लगेच ओळखू येते.

या काळात पर्यवेक्षकाच्या पर्यवेक्षणाची व्यवस्था अपरिहार्य आहे. पंधरा दिवसांतून एकदा त्याने स्वतःच्या पर्यवेक्षण-बैठकीचे ध्वनिमुद्रण, शिकाऊ समुपदेशकाच्या संमतीने, आपल्या प्रशिक्षकापुढे ठेवावे. माझे स्वतःचे असे पहिले ध्वनिमुद्रण मी घड्याळ लावून ऐकले, तेव्हा पन्नास मिनिटांच्या बैठकीत अडतीस मिनिटे मीच बोलत होतो. मी फार उपयुक्त बोललो अशी माझी तोपर्यंत खात्री होती. एडवर्ड वॉटकिन्स यांनी पर्यवेक्षकाच्या वाढीचे टप्पे सांगताना सुरुवातीच्या टप्प्याला भूमिकेचा धक्का म्हटले आहे: माणूस आपल्याला हे जमत नाही या भीतीने एक तर नियमांना चिकटतो किंवा पुन्हा समुपदेशक बनून जातो. प्रशिक्षकाने हा धक्का अपेक्षित धरावा आणि तो बसला म्हणून उमेदवाराला अपात्र ठरवू नये.

मूल्यमापन: कशावरून ठरवायचे

पर्यवेक्षकाचे मूल्यमापन बहुतेक ठिकाणी त्याच्या स्वभावाचे मूल्यमापन होऊन बसते. 'ताई फार समजूतदार आहेत' हे वाक्य अहवालात शोभते, पण त्यावरून ताईंच्या हाताखालचा समुपदेशक आत्महत्येच्या विचारांबद्दल क्लायंटला थेट विचारायला शिकला की नाही, ते कळत नाही. किमान तीन ठिकाणांहून पुरावा गोळा करावा आणि त्यांतला एकही दुसऱ्याची जागा घेत नाही, हे आधीच मान्य करावे.

पहिला पुरावा म्हणजे पर्यवेक्षण-बैठकींची ध्वनिमुद्रणे. सहा महिन्यांतील चार बैठका निवडाव्यात आणि त्यांतल्या दोन पर्यवेक्षकाने निवडलेल्या नसाव्यात. दोन परीक्षकांनी वेगवेगळे बसून ठरलेल्या पत्रिकेवर गुण द्यावेत. ब्रिटनमध्ये डेरेक मिल्न आणि सहकाऱ्यांनी यासाठी निरीक्षणावर आधारित पत्रिका तयार केली आहे. केंद्राने आपली पत्रिका बनवली तरी चालेल, फक्त तिच्यात दिसणारे वर्तन असावे. 'सहृदय आहे' याला गुण देता येत नाहीत. 'समुपदेशकाने चूक सांगितल्यावर पुढच्या वाक्यात प्रश्न विचारला की निर्णय दिला' याला देता येतात. अशा आठ-दहा ओळी पुरेत, आणि प्रत्येक ओळीखाली शून्य, एक व दोन गुण म्हणजे नेमके काय, हे उदाहरणासह लिहावे. चाळीस ओळींची पत्रिका तिसऱ्या महिन्यापासून कोणी भरत नाही.

परीक्षकांचे गुण जुळतात का, हे तपासण्यासाठी गोव्यातील एक अनुभव उपयोगी पडतो. संगाथ या संस्थेच्या कामात, मानसिक आरोग्याचे आधीचे शिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य आणि मद्यपानाच्या समस्या यांसाठी समुपदेशन केले. तज्ज्ञ पर्यवेक्षक मोजकेच असल्याने या समुपदेशकांनी एकमेकांच्या सत्रांचा दर्जा तपासण्याची पद्धत घडवण्यात आली, आणि प्रत्येक उपचारासाठी एक अशा दोन पत्रिका तयार झाल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८९ ध्वनिमुद्रित सत्रांवरचे सहकाऱ्यांचे आणि तज्ज्ञांचे गुण ताडून पाहिले गेले, तेव्हा सलग तीन कालखंडांत दोघांच्या सरासरी गुणांतील अंतर कमी होत गेल्याचे आढळले. यातला धडा असा की गुण देणे हेही शिकवावे लागते आणि ते सरावाने सुधारते. म्हणून खऱ्या मूल्यमापनाआधी परीक्षकांनी तीन-चार ध्वनिमुद्रणांवर एकमेकांना न विचारता गुण द्यावेत, मग फरक समोर ठेवून वाद घालावा. जिथे फरक मिटत नाही, तिथे बहुधा पत्रिकेतली ओळच संदिग्ध असते, ती बदलावी.

दुसरा पुरावा समुपदेशकांचा अभिप्राय. पर्यवेक्षणातील नात्याची घट्टता मोजणारी प्रश्नावली १९९० पासून उपलब्ध आहे. ती इंग्रजीत असल्याने मराठीत वापरताना शब्दशः भाषांतर करून भागत नाही. प्रश्न दोन-तीन समुपदेशकांना वाचून दाखवून त्यांना काय कळले हे आधी पाहावे. अभिप्राय निनावी ठेवल्याचे सांगितले जाते, परंतु पर्यवेक्षकाकडे दोनच समुपदेशक असतील तर निनावीपणाला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी अभिप्राय तिसऱ्या व्यक्तीने तोंडी घ्यावा, त्यांचे नाते संपल्यानंतर म्हणजे समुपदेशकाला त्या पर्यवेक्षकाकडून प्रमाणपत्र मिळाल्यावर घ्यावा, आणि पर्यवेक्षकापर्यंत एकत्रित सारांशच पोहोचवावा. अतिशय चांगल्या अभिप्रायाने हुरळून जाऊ नये. जो पर्यवेक्षक कधीच अवघड बोलत नाही, तो समुपदेशकांना फार आवडतो.

तिसरा पुरावा म्हणजे समुपदेशकाची प्रगती. पर्यवेक्षण सुरू होतानाचे एक सत्र आणि सहा महिन्यांनंतरचे एक सत्र, कोणते आधीचे हे परीक्षकाला न सांगता, ऐकायला द्यावे. नेपाळमध्ये घडलेली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमात सामावलेली एनॅक्ट ही कौशल्यपत्रिका अशा कामासाठी हाताशी असू द्यावी, कारण ती विशिष्ट उपचारपद्धतीला बांधलेली नाही.

क्लायंटच्या सुधारणेचे काय, असा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या १२७ क्लायंटांपैकी, ज्यांच्या समुपदेशकांना पर्यवेक्षण मिळत होते त्यांना अधिक लाभ झालेला दिसला. उलट, २०१६ च्या एका अभ्यासात क्लायंटांच्या निष्पत्तीतील फरकांपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग पर्यवेक्षकांतील फरकाने स्पष्ट होत होता. म्हणून क्लायंटच्या नऊ प्रश्नांच्या नैराश्य-प्रश्नावलीचे गुण जरूर नोंदवावेत, परंतु आठ-दहा क्लायंटांच्या सरासरीवरून पर्यवेक्षकाला शाबासकी वा दोष देऊ नये. तेवढ्या संख्येत एखादी कठीण केस आली तरी चित्र पालटते.

निकाल सांगणे

मूल्यमापनात उणीव आढळल्यास ती पर्यवेक्षकाला पंधरवड्याच्या आत, ध्वनिमुद्रणातील नेमका भाग ऐकवून सांगावी आणि तीन महिन्यांची लेखी सुधारयोजना द्यावी. बहुतेक उणिवा अशाने भरून निघतात. काही मात्र सुधारण्याच्या वाटेवर ठेवता येत नाहीत: गोपनीयतेचा भंग, शिकाऊ समुपदेशकाशी आर्थिक वा लैंगिक संबंध, संकटाची सूचना मिळूनही हालचाल न करणे. अशा वेळी त्या पर्यवेक्षकाकडील समुपदेशक त्याच दिवशी दुसऱ्याकडे सोपवावेत आणि चौकशी केंद्राबाहेरच्या व्यक्तीकडे द्यावी. छोट्या केंद्रात सगळे एकमेकांचे जुने सोबती असतात, एकत्र डबे खातात, आणि 'आपलाच माणूस आहे' म्हणत गोष्ट मिटवण्याकडे कल असतो. शेजारच्या शहरातील दुसऱ्या केंद्राशी आधीच समझोता करून दोघांनी एकमेकांसाठी परीक्षक देण्याची सोय केल्यास ही अडचण बरीचशी सुटते, आणि खर्चही प्रवासापुरताच येतो.

दोन वर्षांनी हीच तपासणी पुन्हा करावी, मधल्या काळात पत्रिकेतील निरुपयोगी ठरलेल्या ओळी काढून टाकाव्यात, आणि मूल्यमापनासाठी वापरलेली ध्वनिमुद्रणे करारात ठरलेल्या तारखेला पुसून, पुसल्याची नोंद तारखेसह वहीत करावी.